उजव्या लेनचा सातबारा

सकाळी 6.40 ला साताऱ्यात बॉम्बे रेस्टॉरंट चौकात आमची गाडी भरते. भरते म्हणजे मी सोडून तिघं चढतात: हायस्कुलात मराठी शिकवणारे गुरुजी, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आणि भूमी अभिलेख खात्यातले रावसाहेब. रावसाहेबांच्या पदाला कागदावर भूकरमापक म्हणतात, गावात मोजणीवाले म्हणतात, आणि मोजणी ज्याच्या विरुद्ध जाते तो काय म्हणतो ते सिस्टर गाडीत असल्यामुळं आम्हाला कधी कळलेलं नाही. चौघांच्या नोकऱ्या इस्लामपुरात. आता ईश्वरपूर म्हणायचं, पण तोंडाला वळण लागेपर्यंत आमची पेन्शन सुरू होईल. जायचं 80-85 किलोमीटर, यायचं तेवढंच. पेट्रोल चौघांत. चिडायचं काम मात्र माझ्या एकट्याकडं, कारण स्टिअरिंग माझ्या हातात असतं.

शेंद्रे मागं पडलं की पहिला ट्रक भेटतो. उजव्या लेनमध्ये. डावी लेन लग्न लागून गेलेल्या मांडवासारखी रिकामी, आणि हा गडी दुभाजकाला खेटून ताशी 40 नं निवांत चाललेला. हॉर्न मारला तर ऐकू येत नाही, दिवा मारला तर दिसत नाही. एकदा मी काच खाली करून ओरडायला लागलो, तर मागून रावसाहेब म्हणाले, "कशाला घसा फोडताय? त्याची वहिवाट आहे ती."

"कसली वहिवाट?"

"मालकी सरकारची. कब्जा त्याचा. खाजगी जमिनीवर कुणी बारा वर्षं बिनतक्रार बसला तर त्याला हलवताना कोर्टाला घाम फुटतो. हा तर वाजपेयींच्या चौपदरीपासून बसलाय."

त्या दिवसापासून आमच्या गाडीत महामार्गाची मोजणी सुरू झाली. रावसाहेबांचा हिशेब पक्का असतो. हायवेची एक लेन साडेतीन मीटर रुंद. म्हणजे 29 मीटर लेन झाली की एक गुंठा. किलोमीटरभर उजवी लेन दाबली की साडेचौतीस गुंठे, एकराला साडेपाच गुंठे कमी. "शेंद्र्यापासून नागठाण्यापर्यंत ह्या एका माणसानं बागायती किती खाल्ली बघा," ते म्हणतात, आणि ट्रकचा नंबर असा वाचतात की जणू उद्या नोटीस निघणार आहे.

त्यांचा मूळ सिद्धांत असा, की आपल्या भागातल्या माणसाला पांढरा पट्टा दिसत नाही असं नाही. दिसतो. पण तो त्याला बांध वाटतो. आणि बांध म्हटला की तो कोरायचा. नांगरटीला वर्षाला चार बोटं आत सरकायचं, शेजाऱ्यानं विचारलं तर "बैल वढतंय" म्हणायचं. गाडीची रुंदी अडीच मीटर, लेन साडेतीन मीटरची, तरी चाकं पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना. एक पाय ह्या रानात, एक त्या रानात. वीतभर बांधासाठी तीन पिढ्या दिवाणी कोर्टाची पायरी झिजवणारी घरं रावसाहेबांनी डझनानं पाहिली आहेत. त्याच घरातला नातू गाडी घेऊन हायवेला लागला की दोन लेनच्या बरोबर मधून जातो आणि मागच्यांना वाटतं, अजून वाटप व्हायचंय.

एकदा मात्र आमची फजिती झाली. काशीळजवळ चहाला थांबलो, तर मघापासून ज्याच्या मागं अडकलो होतो तोच ट्रकवाला टपरीवर बसलेला. सोलापूरकडचा, पन्नाशीचा, गळ्यात माळ. मी चहा सांगता सांगता सहज विचारल्यासारखं केलं, "मामा, डावीकडं एवढा रस्ता मोकळा असताना उजवीकडनं का?"

त्यानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली. "डाव्या अंगाला खड्डं. खड्डं चुकवलं की हुबा टेम्पो. टेम्पो चुकवला की म्होरनं उलटा दूधवाला. मी वीस टन घिऊन चाललोय, साहेब. बिरेक दाबला म्हणून लगेच हुबा ऱ्हातोय का? उजवीकडं नुसती कण्हेर हाय. कण्हेर आडवी येत न्हाय."

यावर गुरुजींकडं उत्तर नव्हतं, रावसाहेबांकडं नियम नव्हता, आणि चहाचे पैसे त्यानंच देऊन टाकले. उपकाराखाली दबलेल्या माणसाला पुढं हॉर्न मारायचीही चोरी. अतीतपासूनचा राग उंब्रजपर्यंत मी चहाबरोबर गिळला.

कण्हेरीचं कारण पटलं तरी दोन ट्रक एका रांगेत चालण्याचं कारण मला बरीच वर्षं कळत नव्हतं. पुढचा ट्रक दिसतो, मागचा त्याला ओव्हरटेक करायला उजवीकडं येतो, शेजारी पोचतो, आणि मग दोघं तसेच राहतात. बराच वेळ. वाटावं, गावाकडची खुशाली विचारतायत. भानगड अशी, की 2015 पासून नव्या मालवाहू गाड्यांना ताशी 80 च्या वर जाऊ न देणारा वेगनियंत्रक बसवायचा नियम आला. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळं 80 नं जाणाऱ्याला 80 नंच जाणारा ओव्हरटेक करायला निघतो, आणि ही शर्यत सोसायटीच्या निवडणुकीसारखी होते: दोन्ही पॅनेल सारखी, निकाल कुणालाच नको, अडकून पडलेत ते सभासद. नागठाण्यात सुरू झालेली अशी एक जोडी एकदा आमच्या पुढं होती. अतीत मागं पडलं, तरी आमचं वर्तमान काही बदललं नाही.

गुरुजींचा विषय वेगळा. त्यांना भाषेचं पडलंय. इंडिकेटर ही त्यांच्या मते श्लेष अलंकाराची परिसीमा आहे. पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लुकलुकतोय. याचा अर्थ तो उजवीकडं वळणार? वळणार कुठं, मधे कण्हेर आहे. मग "माझ्या उजवीकडनं ये" असं सांगतोय? की "येऊ नको, मीच उजवीकडं येतोय" असं? दोन अर्थ एकमेकांच्या उलटे, आणि चुकीचा निवडला तर पुढचा वर्ग सिस्टर घेणार. तिसरा अर्थ अनुभवानं कळतो: दिवा किणीच्या टोलपासून चालू राहिलाय, गाण्याच्या आवाजात टिकटिक ऐकू आली नाही. पूर्वी क्लीनरचा हात खिडकीतून बाहेर यायचा. तळवा खाली हलला की थांब, पुढं हलला की जा. त्या हाताच्या भाषेत संदिग्धता नव्हती, असं गुरुजी उसासा टाकून सांगतात. जणू ज्ञानेश्वरीच्या काळाबद्दल बोलतायत.

डिप्परचं तर व्याकरणच उफराटं. माझा मेहुणा इंग्लंडात असतो. तिकडं समोरच्यानं दिवा मारला की बहुतेक वेळा "तुम्ही व्हा पुढं" असा अर्थ घेतात, आणि जाणारा हात वर करून आभार मानतो. हा दिवाळीला आला होता, पेठ नाक्यावरून सांगलीकडं निघाला. समोरच्या गाडीनं दिवा मारला. ह्यानं हसून हात वर केला आणि गाडी वळवायला घेतली. आपल्याकडं डिप्परचा अर्थ "मी येतोय, तुझं तू बघ" असा आहे हे त्याला दोन फुटांच्या अंतरावर उमगलं. पुढं सांगलीपर्यंत गाडी बहिणीनं चालवली. परत जाताना त्यानं नेहमीचं चार किलो भडंगही नेलं नाही, इतकं मनाला लावून घेतलं.

आणि चारी इंडिकेटर! ते बटण म्हणजे आपल्या भागातलं कबुलीपत्र. मधेच थांबायचंय, चारी लावा. उलटं यायचंय, चारी लावा. पाऊस आला, बोगदा आला, पुढाऱ्याच्या गाडीमागं पळायचंय, चारी लावा. एकदा ते दिवे लुकलुकायला लागले की पुढं जे काही होईल त्याला आपण जबाबदार नाही, असा सार्वत्रिक समज आहे.

दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले की ह्या सगळ्याला नवी गंमत येते. इकडं अजिंक्यतारा, मधे सह्याद्री आणि कृष्णा, पलीकडं राजारामबापू. प्रत्येकाची धुराडी आणि प्रत्येकाच्या ट्रॅक्टरांची रांग. एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला ऊस, आणि सगळ्यात मागं लाल दिव्याच्या जागी उसाचं हिरवं वाढं. रात्री हे वाहन दिसत नाही, ऐकू येतं. आधी गाणं येतं, मग ट्रॉली. सिस्टर म्हणतात, ह्यांच्या स्पीकरवर जेवढा खर्च झालाय त्याच्या विसाव्या हिश्शात मागं रिफ्लेक्टर लागले असते. खरं आहे, पण रिफ्लेक्टरवर कोण नाचणार?

गेल्या हंगामात एक दृश्य मी इतक्या जवळून पाहिलं की ते डोळ्यांपुढून जात नाही. उड्डाणपुलाच्या चढाला असाच एक दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आमच्या पुढं लागला. निम्म्या चढात त्याचा वेग कमी झाला, मागच्या ओझ्यानं पुढची दोन्ही चाकं सावकाश जमिनीवरून उचलली, आणि ट्रॅक्टर चेतक घोड्याच्या पुतळ्यासारखा उभा राहायला लागला. आम्ही चौघांनीही श्वास रोखले. ड्रायव्हरच्या शेजारी मडगार्डवर बसलेला पोरगा शांतपणे उठला, पायानं बॉनेट चाचपत पुढं गेला आणि पुढच्या लोखंडी गार्डावर बसला. चाकं खाली टेकली. पोरगं तिथंच बसून मोबाइल बघायला लागलं. अख्खा चढ त्याच्या पन्नास किलोंच्या भरवशावर पार झाला. मागून एक मोटारसायकलवाला आला, त्यानं चालत्या गाडीवरून ट्रॉलीतला एक ऊस धरला, उपसला, खांद्यावर टाकला आणि डावीकडून निघून गेला. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. गुरुजी एवढंच म्हणाले, "उसाचं कांडं चांगलं होतं."

सगळेच असे असतात असं मात्र नाही. ह्या रस्त्यावर एक वाहन आहे, जे डाव्या लेनमधून जातं, 50 च्या वर जात नाही, वळायच्या आधी शंभर मीटरवर इंडिकेटर देतं, वळून झाल्यावर बंद करतं, आणि खड्डा दिसला की आधी मागच्याला हात दाखवून मग वेग कमी करतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आरटीओची परीक्षा चाललीय. ओव्हरटेक करताना आत पाहिलं. पिकअपच्या हौद्यात वाळू अंथरलेली, तीवर भुसा, आणि मधोमध शर्यतीचा खोंड उभा. शिंगांना तेल, अंगावर झूल, पाठीवर एका माणसाचा हात. सर्वोच्च न्यायालयानं 2021 च्या डिसेंबरात शर्यतींना पुन्हा वाट करून दिली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून सातारा-सांगलीत असे खोंड रविवारी जास्त प्रवास करतात. त्यांची किंमत आमच्या गाडीच्या चौपट असते. हाच ड्रायव्हर सोमवारी त्याच पिकअपमध्ये पंधरा माणसं भरून मुलीच्या सुपारीला निघतो तेव्हा त्याला बघावं.

उलट दिशेनं येणाऱ्या मोटारसायकलवाल्यांची नोंद सिस्टर ठेवतात. बोलत नाहीत. नुसत्या खिडकीतून बघतात आणि मधेच म्हणतात, "फीमर." थोड्या वेळानं, "हा डोक्याचा." दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मांडीवर लेकरू, कानाला खांद्यानं दाबलेला मोबाइल असा कुणी आला की त्या डोळे मिटून घेतात. गुरुजींना वाटतं, जप करतात. त्या म्हणाल्या, बेड मोजते.

तरी ह्या लोकांवर रावसाहेब चिडत नाहीत, याचं मला नवल वाटायचं. एकदा नेर्ल्याच्या अलीकडं त्यांनी गाडीतूनच दाखवलं. "तो डावीकडचा गोठा दिसतोय? आणि उजवीकडची ती विहीर? एकाच गटातली. रस्ता मधून गेला, गटाचे दोन तुकडे झाले. पूर्वी म्हैस सोडली की विहिरीवर जायची. आता दुभाजक बंद, बोगदा दीड-दोन किलोमीटर खाली. धार काढायला रोज एवढा वळसा कोण घालणार? तो म्हणतो, रस्ता माझ्या रानातनं उलटा गेलाय, मी सरळच चाललोय." मग जरा थांबून म्हणाले, "मोबदला मात्र सरळ बाजूनं घेतला त्यानं."

तासवड्याच्या टोलविषयी काय सांगावं. 2021 च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा वाटलं, रांग संपली. रांग संपली नाही, तिची कारणं बदलली. पूर्वी सुट्टे नसायचे, आता बॅलन्स नसतो. 2025 च्या स्वातंत्र्यदिनापासून तीन हजारांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला, आम्ही तो काढला, आणि तरीही आमच्या पुढं नेमका तोच असतो जो काच खाली करून "आमी हितलंच हाय" एवढं एकच ओळखपत्र दाखवतो.

आता जे सांगायचं ते सांगावं की नाही यावर आमच्या गाडीत दोन मतं आहेत. सिस्टर म्हणाल्या, सांगा.

मार्गशीर्षातली संध्याकाळ, परतीचा प्रवास. शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरण चाललंय, त्यामुळं डायव्हर्जन रोज नवं. सकाळी ज्या वाटेनं गेलो ती संध्याकाळी तिथं असेलच असं नाही. सिस्टरना मलकापुरात मावशीकडं उतरायचं होतं. सर्व्हिस रोडला उतरायची फट बोलण्याच्या नादात हुकली. पुढची कुठं असेल कोण जाणे. चारशे-पाचशे मीटरचा तर प्रश्न होता. पुढं एका तुटक्या कठड्यातून मी गाडी सर्व्हिस रोडवर घेतली, तोंड मागं केलं, आणि चारी इंडिकेटर लावले.

निम्म्यात आलो असू. समोरून गाणं आलं.

गाण्यामागून एक हेडलाइट आला; दुसरा नव्हता. मग ट्रॅक्टर, मग पहिली ट्रॉली, मग दुसरी. एका बाजूला खोदलेला खड्डा, दुसऱ्या बाजूला सिमेंटचे अडथळे. तो त्याच्या बरोबर बाजूनं आला होता. विशीतला पोरगा. त्यानं ब्रेक मारला, गाणं बारीक केलं आणि खाली उतरला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. मी काच खाली केली.

"काका," तो म्हणाला, आणि तेच जास्त लागलं. "दोन ट्रॉल्या मागं न्हाय येत. दुमडत्यात. तुमालाच जावं लागंल."

रावसाहेब न बोलता उतरले. मोबाइलचा टॉर्च लावला आणि आयुष्यभर साखळीनं हद्द दाखवणाऱ्या सराईत आवाजात मागून सांगायला लागले, "येऊ द्या. येऊ द्या. उजवीकडं दीड फूट. बस. येऊ द्या." अडीचशे मीटर मी उलटा गेलो. पुढं एका डोळ्याचा ट्रॅक्टर माझ्या बॉनेटवर नजर ठेवून पावलापावलानं येत होता. गाणं पुन्हा मोठं झालेलं. रस्त्याकडेच्या वडापाववाल्यानं कढईतून मान वर करून पाहिलं. दोन मोटारसायकलवाले थांबले. त्यातला एक उलट दिशेनं आलेला होता, पण तोही माझ्याकडं बघून मान हलवत होता.

फट आली, मी बाजूला झालो. ट्रॅक्टर शेजारी आला तेव्हा पोरानं ट्रॉलीतनं एक ऊस ओढला, गुडघ्यावर मोडून त्याचे दोन तुकडे केले आणि खिडकीतून आत दिले. "घ्या. दमला असाल."

सिस्टर तिथंच उतरल्या, म्हणाल्या चालत जाते. गुरुजींनी ऊस सोलायला घेतला. हायवेला लागलो तेव्हा गाडीत कुणी बोलत नव्हतं, फक्त कांडं फुटल्याचा आवाज आणि चोयट्या पिशवीत पडल्याचा. उंब्रजच्या आसपास मागून डिप्पर आला. एकदा, दोनदा. मग लांबलचक हॉर्न.

"सोडताय का त्याला?" रावसाहेबांनी विचारलं. "कधीपासून मागं आहे."

मी आरशात पाहिलं. डावी लेन मोकळी होती.

"डावीकडं खड्डे आहेत," मी म्हटलं.

रावसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि पुटपुटले, "साडेचौतीस गुंठे."